घरातला उंट

३ फेब्रुवारी १९९६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तू चार वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, म्हणून तू रागावला आहेस, असं शेजारच्या बाईंकडून कळलं. राग सोड. मला घंटा ऐकूच आली नाही. हे तुला उशिरा सांगते आहे, पण खरं ते सांगते. डावा कान पुरता गेलाय, उजवा निम्मा. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नसच कमजोर आहे, औषध नाही. यंत्र लावलंय, पण त्यातून फोनवरचा माणूस डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. तेव्हा यापुढे पत्र. एकतीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं, त्यांच्या कलकलाटाने कान आधीच कसे नाही गेले, याचंच नवल.

आता घराचं. आईला जाऊन वर्ष झालं, आणि मार्चअखेर घरमालकाला जागा परत द्यायची आहे. माझ्या दोन खोल्या ठरल्यात. भांडी वाटली, कपाट विकलं, गाद्या पिंजायला दिल्या. गाद्या उचलल्या आणि खालून निघाला आपला उंट.

लहानपणापासून आपण त्याला उंट म्हणतो, पण तो नीट पाहिला होतास का कधी? शाळेच्या बाकासारखं पुढे टेबल आणि मागे बैठक, एकाच चौकटीत. बैठकीत जागा दोन. डावी ठेंगणी, उजवी वीतभर उंच, आणि उंच जागेखाली पाय टेकायला आडवी पट्टी. टेबलाच्या पुढच्या कडेला दोन खांब, त्यांच्यामध्ये काहीच नाही. उजवीकडे टेबलात बाटलीच्या बुचाएवढं गोल भोक. सागवान आहे, आणि काम असं की सांध्यात नख शिरत नाही.

एवढं मन लावून केलेली वस्तू कुणीतरी कशासाठी तरीच केली असणार. आईने एकदा तो काढून टाकायचा म्हटलं, तेव्हा बाबा "राहू दे" एवढंच म्हणाले होते. कशाला, ते आपण विचारलं नाही. आता मी विचारणार आहे. तो काय आहे हे कळेपर्यंत उंट कुठेही जाणार नाही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. माझा लोभ आहेच, तो मापात धरू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरलो, मग चिडलो. कान जाईपर्यंत गप्प बसलीस? मी औषधांचं दुकान चालवतो गं, सगळ्या गावाचे कान-नाक-घसे माझ्यासमोर उभे असतात, आणि सख्ख्या बहिणीचं मला शेजारणीकडून कळावं? तुझी भावजय म्हणते, ताईंना इकडेच आणा. मी तिला म्हटलं, ताईंना आणायला क्रेन लागेल.

उंटाबद्दल माझं मत मी दहाव्या वर्षीच दिलं होतं. उंच जागा राजाची, खालची प्रजेची. तुला आठवत असेल, राजा नेहमी मीच असायचो. आता मोठेपणी विचार केला तर मालक आणि कारकून असावेत. मालक वर बसून खालच्याचं लिहिलेलं तपासायचा, भोकात दौत. झालं. सुटलं कोडं.

आता कामाचं बोलतो. माझ्या ओळखीचा एक हॉटेलवाला जुन्या लाकडाच्या शोधात आहे. त्याला माझ्याकडचा उंटाचा जुना फोटो दाखवला, तो खूश झाला. वरचे खांब कापून, बैठक सरळ करून तो त्याचं गल्ल्यावरचं टेबल करणार. तुझ्या दोन खोल्यांत उंट ठेवलास तर तुला उभ्याने झोपावं लागेल. हट्ट करू नकोस.

लोभ असावा, आणि तो उंटावरच्या लोभापेक्षा थोडा जास्त असावा.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी १९९६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोडं सुटलेलं नाही. कारकुनाचं टेबल असतं तर त्यावर शाईचा एक तरी डाग असता. नाही. भोकात शाई नाही, मेण आहे. मी टाचणीने खरवडून, तव्यावर वितळवून पाहिलं.

जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला बोलावलं. तो छातीठोकपणे म्हणाला की हे केशकर्तनालयातलं, उंच जागा मुलांना बसवायला. मी तडक कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घेऊन आले. त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं की समोर टेबल आडवं असताना मी गिऱ्हाईकाच्या दाढीपर्यंत पोचू कसा? दुकानदार गेला. मग बोलावलेला एक फोटोग्राफर म्हणाला की नवराबायकोचा फोटो काढायला असेल, उंची जुळवायला. पण फोटोत टेबल पुढे आलं तर साडी कुठून दिसणार? तोही गेला.

मग मी कुणाला विचारणं सोडलं आणि माझी टेप काढली. उंच जागा फक्त अकरा इंच रुंद आहे. तुझा राजा दहाव्या वर्षीसुद्धा तिथे कसाबसाच मावत होता. म्हणजे ती जागा लहान मुलाची. पायपट्टी मधोमध झिजलीय, दोन छोट्या खळग्यांत. सहा वर्षांच्या मुलाची बसती उंची मला पाठ आहे, किती सदरे कापले असतील! बाईच्या बसत्या उंचीपेक्षा आठ इंच कमी. आणि दोन जागांतला फरक किती? बरोबर आठ इंच. ठेंगण्या जागेवर मोठं माणूस आणि उंच जागेवर मूल बसलं, की दोघांची तोंडं एका रेषेत येतात.

सुताराकडून उंच जागेची फळी काढवली. आतल्या खांबाला भोकांच्या चार जोड्या आहेत, एकीखाली एक. म्हणजे मूल वाढलं की फळी खाली सरकवायची. प्रत्येक जोडीशेजारी पेन्सिलीने तारीख आहे. मार्च १९२२, जून १९२५, मे १९२८, जानेवारी १९३१. चौथ्या जोडीला दोन्ही जागा समान होतात.

अक्षर आत्याचं आहे. तिचा तो मागे झोका घेणारा 'र' मी कुठेही ओळखीन. आणि १९२२ साली सहा वर्षांचं मूल आपल्या घरात एकच होतं. बाबा.

आणखी एक. न्हाणीघरात बाबांचा दाढीचा आरसा होता ना, ज्याला आपण नेहमी हसायचो, की एका तोंडाला एवढा रुंद कशाला? त्याच्या दोन्ही बाजूंना पितळी कान होते, आठवतं? ते उंटाच्या खांबांतल्या खाचांत बसले. सुताराला ठोकावंसुद्धा लागलं नाही.

तर आत्या आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ शेजारी शेजारी बसून, समोर मेणबत्ती लावून, एका आरशात पाहत होते. नऊ वर्षं. कशासाठी, ते मला अजून कळत नाही, आणि त्यामुळे जेवण गोड लागत नाही.

हॉटेलवाल्याला कळव की थांब. आशीर्वाद पुरेसे पाठवले आहेत, कमी पडले तर कळव.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या टेपपुढे मी हात टेकले. पण पत्र मिळायच्या आधीच मी हॉटेलवाल्याला शब्द देऊन बसलो होतो. त्याचा टेम्पो गुरुवारी सकाळी तिकडे येतो आहे. मी त्याला थांबवायला गेलो तर तो परगावी गेलेला. तू फोनवर ऐकत नाहीस, तार कधी पोचेल कोण जाणे.

ताई, मनापासून सांगतो, आत्या बाबांचा अभ्यास घेत असेल. एवढंच असेल. तिला शिस्तीची हौस होती. बाबांशी बोलताना त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची, चाळीस वर्षांच्या माणसाचं! मला तेव्हासुद्धा बाबांची दया यायची. ते बाक गेलं तर काही बिघडणार नाही. तुझ्या कानांकडे लक्ष दे.

लोभ कमी झाला असेल तर रागावून का होईना, पण लिही.

तुझा,
धाकटा


२६ फेब्रुवारी १९९६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टेम्पो आला होता. तिघं जण होते, त्यांच्यापैकी एकाच्या हातात करवत. म्हणे दारातून जायला खांब इथेच कापावे लागतील. मी उंटाच्या ठेंगण्या जागेवर जाऊन बसले आणि विणकाम काढलं. ते बरंच काही बोलले. बहिरेपणाचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. तासाभराने त्यांनी चहा मागितला, तो मी उठून दिला असता तर जागा गेली असती, म्हणून शेजारच्या बाईंनी दिला. दुपारी ते रिकामा टेम्पो घेऊन गेले. तुझ्या हॉटेलवाल्याला माझ्यातर्फे क्षमा माग, आणि सांग की हे लाकूड विकायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही.

आता ऐक. कानाच्या डॉक्टरांनी मला एका बाईंकडे पाठवलं होतं, ओठांवरून बोलणं वाचायला शिकण्यासाठी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्यांनी जन्म घालवला, आता सत्त्याहत्तरीच्या आहेत. त्यांच्या भिंतीवर रुंद आरसा पाहिला. मी वहीत उंटाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी वही हातातून घेतली आणि किती तरी वेळ परत दिली नाही. मग रिक्षा मागवून माझ्याबरोबर घरी आल्या, उंटाभोवती फिरल्या, आणि न विचारता ठेंगण्या जागेवर बसल्या.

त्यांच्या शाळेत पूर्वी अशी बाकं होती. बहिऱ्या मुलाला बोलायला शिकवायची. ठेंगणी जागा बाईंची, उंच मुलाची. आरशात मुलाला शेजारी शेजारी दोन तोंडं दिसतात, बाईंचं आणि आपलं, आणि ते आपलं तोंड त्यांच्यासारखं करू बघतं. भोकात मेणबत्ती. 'प' म्हटलं की ज्योत वाकते, 'म' म्हटलं की हलत नाही. ज्याला आवाजच माहीत नाही, त्याने ज्योत पाहून आपलं बरोबर आलं की नाही हे ठरवायचं. एकेका अक्षराला महिना महिना जातो, असं त्या म्हणाल्या. शाळेने घेतलं नाही, किंवा पाठवायची सोय नव्हती, तर घरचं कुणी जिद्दीचं माणूस शाळेत येऊन बाकाचं माप घेऊन जायचं. आपली आत्या तेव्हा वीस वर्षांची होती.

बाबा बहिरे होते, धाकट्या. आपल्याला सांगितलं होतं तसे, छापखान्यातल्या यंत्रांनी हळूहळू नव्हे. लहानपणापासून, पुरते. त्यांच्या त्या सपाट, घोगऱ्या आवाजाची आपण नक्कल करायचो. तो आवाज त्यांनी स्वतः कधी ऐकलाच नव्हता. आत्या हनुवटी धरून त्यांचं तोंड वळवायची, कारण एरवी त्यांना ती काय म्हणते ते दिसलं नसतं. आई त्यांच्याशी बोलताना नेहमी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. आणि आपण समजायचो, तिला उजेड आवडतो!

बाई गेल्यावर मी पुन्हा खांब तपासला. शेवटची तारीख १९३१ ची, तर फळी त्यानंतर चौथ्या जोडीतच राहायला हवी होती. मग उंट उंट कसा राहिला? सगळ्यात वरच्या जोडीशेजारी, मार्च १९२२ च्या खाली, आणखी एक तारीख निघाली. अगदी बारीक, छापल्यासारख्या अक्षरात. सप्टेंबर १९३९. ते अक्षर बाबांचं आहे. मी तेव्हा नऊ महिन्यांची होते. आई सांगायची ना, की नऊ महिन्यांची असताना मला मोठा ताप आला होता आणि बाबा पंधरा दिवस कामावर गेले नव्हते?

मला ऐकू येत होतं, म्हणून बाक लागलं नाही. पण फळी त्यांनी वर चढवून ठेवली होती.

मला खात्रीचं हवं आहे. बाबांच्या छापखान्यातले फोरमनकाका तुझ्या गावात त्यांच्या मुलाकडे असतात. चौऱ्याऐंशीचे असले तरी डोकं शाबूत आहे असं ऐकते. त्यांना भेट. दुकानाची सबब सांगू नकोस.

आज लोभ वगैरे काही लिहीत नाही. भेटून ये, मग लिहीन.

तुझी,
ताई


४ मार्च १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोरमनकाकांकडे गेलो.

मी विचारलं तेव्हा आधी त्यांनी कानावर हात ठेवले. माहीत नाही म्हणाले. मग मी आरशाचं आणि मेणबत्तीचं सांगितलं. तेव्हा म्हणाले की तुम्हाला बाक कळलंय तर आता माझी शपथ सुटली. आईलाही बाबांनी अशीच शपथ घातली होती, म्हणे.

पाचव्या वर्षी तापात बाबांचे कान गेले. छापखान्याच्या मालकाने त्यांच्याआधी एका बहिऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं, म्हणून बाबांनी नोकरी मागताना काही सांगितलं नाही. तीन महिने उमेदवारी होती. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा हात असा चालायचा की सगळे बघत राहायचे. तिसऱ्या महिन्यात काकांच्या हातून बाबांच्या पाठीमागेच खिळ्यांची भरलेली पेटी पडली. सगळा छापखाना दचकला. बाबांचा हात थरथरलासुद्धा नाही. काका म्हणाले, त्या क्षणी मला कळलं, आणि त्याने वळून माझं तोंड पाहिलं तेव्हा मला कळल्याचं त्याला कळलं.

संध्याकाळी बाबा त्यांच्यापाशी येऊन म्हणाले की तुम्ही सांगाल तर उद्यापासून येत नाही. काका तडक घरी गेले आणि आपल्या भरघोस मिशा काढून टाकल्या. बायकोला सांगितलं, उकडतंय. दुसऱ्या दिवशी कामावर बाबांनी त्यांचे उघडे ओठ पाहिले आणि तोंड फिरवून खिळे जुळवू लागले. पुढे चौतीस वर्षं काकांनी मिशी ठेवली नाही. यंत्रांनी कान गेले ही गोष्ट दोघांनी मिळून नंतर रचली. ते कारण सांगायला बाबांना लाज वाटायची नाही.

ताई, मला मात्र लाज वाटते आहे. सातवीतला माझा बक्षीस समारंभ तुला आठवतो का, ठाऊक नाही. त्या दिवशी मी एक गोष्ट केली. चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. कागदावर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. तुझ्यासमोर बसून, त्या आरशात पाहूनच सांगेन. चोवीस तारखेच्या रविवारी येतो. उंट हलवायला दोन माणसं आणतो, आणि करवत आणत नाही.

हॉटेलवाला माझ्याशी बोलत नाही. बरं झालं, त्याची कॉफी वाईट असते.

लोभ आहे तो ठेव, मी त्याच्या लायक होऊन येतो.

तुझा,
धाकटा


२९ मार्च १९९६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नव्या खोलीत उंट असा बसलाय की पलंगावरून उतरताना मला त्याची परवानगी घ्यावी लागते. सुताराने चौकट सुटी करून दारातून आत घेतली आणि पुन्हा जोडून दिली, एक खिळा न वापरता. फळी तू चौथ्या जोडीत लावून गेलास ती तशीच आहे. बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आमचा अभ्यास तिथेच होतो. मी 'प' आणि 'ब' अजून चुकते. 'चहा घ्या' मात्र कुणाच्याही ओठांवरचं ओळखते.

त्या रविवारी तू आरशासमोर बसलास आणि मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं तोंड करून बोलायला लागलास, तेव्हा मला हसू आवरेना. बाई म्हणतात, नेहमीसारखंच बोलायचं, फक्त तोंड लपवायचं नाही. मग तू नेहमीसारखा बोललास. समारंभाच्या आमंत्रणाची चिठ्ठी शाळेबाहेरच फाडलीस, घरी सांगितलंस की पालकांना बोलावलेलं नाही, कारण बाबा सगळ्यांसमोर त्या आवाजात काही बोलले तर मुलं हसतील. आणि समारंभात तू सगळा वेळ खुर्च्यांच्या रांगा शोधत होतास, बाबा आले तर नाहीत ना म्हणून. नव्हते. तुला सुटल्यासारखं वाटलं.

मी तुला ते तीनदा म्हणायला लावलं. तुला वाटलं असेल, ताईला कळत नाही. मला पहिल्यांदाच कळलं होतं. पण बोलताना तुझा खालचा ओठ डावीकडे किंचित ओढला जातो, तसाच बाबांचा जायचा, आणि तो मी बाबा गेल्यावर सतरा वर्षांनी पाहत होते. तुला त्रास दिला, त्याबद्दल रागावू नकोस.

तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला नीट आठवून पाहायचं होतं. आता पाच दिवस आठवून लिहिते.

त्या संध्याकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले होते. समारंभ आहे हे त्यांना कुणी सांगितलं ते फोरमनकाकांना विचार, त्यांचा मुलगा तुझ्याच वर्गात होता. तू उशिरा आलास, बक्षिसाचं पुस्तक फेकलंस आणि न जेवता झोपलास. पण त्याआधी बाबा परत आले होते, आणि जेवताना त्यांनी आईला आणि मला मुख्याध्यापकांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. गणितात हा पहिला आलाच, पण मला याचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मागच्या बाकावरच्या मुलांना हा रोज सुट्टीत समजावून सांगतो, आणि ती चुकली तर हसत नाही. हे असंच म्हणाले होते ना मुख्याध्यापक? बाबांनी आम्हाला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आईने न विचारता. मी इतकी वर्षं समजत होते की ते पुढच्या रांगेत बसले होते.

पण खुर्च्यांत ते नव्हते, असं तू सांगतोस. मंच उघड्या मैदानावर होता, आणि मंचाच्या बाजूने रस्त्याकडचं तारेचं कुंपण होतं. त्याच्यापलीकडे उभ्या माणसाला तिथून शब्द ऐकू आला नसता. बाबांना ऐकायचं नव्हतंच. मुख्याध्यापकांचं तोंड दिसलं की त्यांचं काम झालं होतं.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ तुझ्याकडून कधी कमी नव्हता, बाबांकडूनही नव्हता.

तुझी,
ताई